आयोग येण्याच्या आदल्या दिवशी बुडालेली बोट

ती बोट अजून माझ्या डोळ्यांपुढे येते. अंगावर ताजा निळा रंग, मागचा भाग खाडीच्या गाळात रुतलेला आणि तोंड तेवढं पाण्याबाहेर. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सोन्याच्या पेढीवरचे दोन मोठे गुन्हे उघडकीला आणले. त्यांतल्या निम्म्या गोष्टी आता विसरलो. पण सरकारी बोटीच्या नुकसानीचं हे प्रकरण, जे कागदावर अगदीच किरकोळ वाटेल, ते मला शब्दन् शब्द आठवतं. नावं कोणाचीच सांगत नाही. जी माणसं चांगली वागली त्यांना प्रसिद्धी नको होती. जी वागली नाहीत ती आता निवृत्त होऊन माझ्यासारखीच रक्तदाबाच्या गोळ्या खात बसली असतील.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. राज्य सरकारने नुकताच एक आयोग नेमला होता. सरकारच्या मालकीची विश्रामगृहं, जेट्या, बोटी सरकारनेच चालवाव्यात, की खासगी कंपन्यांना भागीदारीत द्याव्यात, आणि द्यायच्याच तर कोणत्या अटींवर, याचा अभ्यास त्या आयोगाने करायचा होता. आयोग जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लोकांचं म्हणणं ऐकणार होता. खरं सांगायचं तर आयोग म्हटलं की आम्हा पोलिसांना दोनच गोष्टी दिसतात: बंदोबस्त आणि जेवणाची व्यवस्था. अहवाल वगैरे नंतरचं. त्यामुळे आमच्याकडे सुनावणी ठेवली आहे असा बिनतारी संदेश आला तेव्हा मी फक्त किती माणसं लागतील एवढाच विचार केला.

गावात मात्र वातावरण तापलेलं होतं. देवबागच्या बाजूला खाडी ओलांडायला एका सरकारी खात्याची प्रवासी बोट चालायची. शाळेतली पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात न्यायची म्हातारी माणसं, सगळी त्याच बोटीने जायची. ती बोट आणि जेटी चालवायला घेण्यासाठी पर्यटनातली एक कंपनी उत्सुक होती. गावाचं म्हणणं असं की कंपनी आली की बोट पर्यटकांच्या वेळेवर सुटणार आणि आपल्या बायका पाट्या घेऊन उन्हात उभ्या राहणार. आयोग अजून गाडीतून उतरलाही नव्हता, पण तिठ्यावर बातमी पिकलेली, "सरकार जेटी विकता हा!" ग्रामसभेत तर बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, सगळ्यांसमोर ओरडला होता, "बोट बुडयन, पण कंपनीक देवचंय नाय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रागाच्या भरात माणूस काय बोलतो आणि ते त्याला कुठे नडतं, याचा नेम नसतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी हे घडलं. दुपारी भात-आमटी पोटात गेली की आमचं कोकण झोपतं. त्या वेळी गावातून मिरवणूक गेली तरी कोणी दार उघडून बघणार नाही. मी ठाण्यात बंदोबस्ताचं वाटप करत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले. "साहेब, जेटीवरची सरकारी बोट बुडाली. आणि फोन करणारा म्हणतो, तांडेल ओल्या कपड्यांनी जेटीवरून घरी जाताना त्याने बघितला." नाव न सांगता फोन ठेवलेला. स्टेशन डायरीला नोंद करून मी निघालो.

जेटीवर गर्दी जमली होती. भरतीचं पाणी होतं, त्यामुळे बोटीचा तळ दिसत नव्हता. एका मच्छीमाराने बुडी मारली आणि वर येऊन सांगितलं, "फळी उचकाटलेली आसा, सायब. पहारय थंयच पडलेली आसा." म्हणजे अपघात नव्हे. इंजिन मात्र कोणीतरी आधीच काढून जेटीवरच्या शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवलेलं. मला ते विचित्र वाटलं. बोट बुडवणारा इंजिनाची काळजी कशाला करील?

पंचनामा करताना आणखी एक गोष्ट आढळली. बोटीच्या तोंडाशी, ज्याला आपले लोक नाळ म्हणतात, आतल्या खाचेत एक नारळ ठेवलेला होता. न फोडलेला. शेजारी विडा आणि विझलेल्या अगरबत्त्या. पंचांपैकी एक जण म्हणाला, उद्या आयोग बोटीतून फिरणार होता, म्हणून कोणीतरी पूजा केली असेल. मलाही ते पटलं. नारळ मुद्देमालात घेतला आणि त्याचा विचार तेवढ्यावर सोडला.

संध्याकाळ व्हायच्या आत वरून फोन आला. "आयोग यायच्या तोंडावर सरकारी मालमत्तेची नासधूस होते, म्हणजे काय? आरोपी उद्या सकाळपर्यंत पाहिजे." आरोपी तर तयारच होता. सर्वांसमोर दिलेली धमकी, ओले कपडे, शेडची किल्ली त्याच्याकडे. मी तांडेलाला घरून बोलावून घेतलं. जाताना त्याची बायको दारात उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सायब, ह्येंच्या पोटात सकाळपासून काय नाय हा."

पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. दाढीचे खुंट वाढलेले. दोन्ही तळहातांना ताज्या जखमा. मी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीत माझी एक सवय होती. पहिला अर्धा वेळ मी गुन्ह्याबद्दल बोलायचोच नाही. मुलं काय करतात, घर कधी शाकारलं, असलं काहीतरी. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी फार बोलतो. हा मोजकंच बोलला, पण सरळ. मग मी विषयावर आलो.

"कपडे कसे भिजले?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"हात कसे कापले?"

त्याने तळहात मिटून घेतले.

"तू बुडवलीस बोट?"

त्यावर मात्र त्याने मान वर केली. "मी माजी आवस बुडयन काय, सायब?" आवस म्हणजे आई.

"मग जुनी झाली होती का? आपोआप बुडाली असेल?"

मी हा प्रश्न मुद्दाम विचारला होता. संशयिताला पळायला एक वाट मोकळी ठेवावी आणि तो त्या वाटेने जातो का ते बघावं. शंभरांतले नव्याण्णव जातात. हा ताडकन म्हणाला, "नाय! बोट येकदम बरी होती. कोण म्हणता जुनी झाली?"

मी लेखणी खाली ठेवली. अहो, ज्याच्या गळ्याशी आलंय त्याला सुटायला आयती फट दाखवली, तर तो स्वतःच ती बुजवतो? बोट सडकी होती म्हणाला असता तर निम्मा सुटला असता. हा माणूस स्वतःला वाचवत नव्हता. तो त्या बोटीची अब्रू वाचवत होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

तो मंगळवार होता. ठाण्यातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे हवालदार दर मंगळवारी संध्याकाळी आरती करायचे आणि सगळ्यांना साखर-खोबरं वाटायचे, कोठडीतल्यांनाही. त्या दिवशीही ते वाटत आले आणि तांडेलापुढे हात केला. तांडेल मागे सरला. "माका नको. माका सुतक आसा. चुलतो गेलो." हवालदारांनी मान हलवली आणि पुढे गेले.

मी मात्र जागेवरून उठलो. सुतकातला कोकणी माणूस देवाचा प्रसाद घेत नाही, तो नारळ ठेवील? समुद्रावरची माणसं या बाबतीत किती कडक असतात ते मला ठाऊक होतं. सुतकात हा गडी बोट चालवील, पण तिच्या नाळेवर विडा-नारळ ठेवायला त्याचा हात धजणार नाही. बोट बुडवणारा कितीही वैतागलेला असो, ही चूक तो करणार नाही. आणि दुसरा विचार लगेच आला. नारळ उद्याच्या सफरीसाठी असता तर तो आज दुपारी, झोपेच्या वेळी कशाला ठेवला असता? उद्या सकाळी ठेवला असता, गाऱ्हाणं घातलं असतं, चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली असती. हा नारळ गुपचूप ठेवलेला होता. ज्याने फळी उचकटली त्यानेच तो ठेवला होता. बोटीला मारण्याआधी तिची माफी मागितली होती त्याने.

मी मुद्देमालातला नारळ मागवला. मी मूळचा बांद्याकडचा, माडाखाली वाढलेला माणूस. बघताक्षणी कळलं की हा आपल्या परसातला नव्हे. बाजारात परराज्यातून येतो तसला लहान, करडा नारळ, आणि विडा पुडीवाल्याच्या दोऱ्याने बांधलेला. आता त्या गावात नारळ विकत कोण घेणार? ज्याच्या दारात माड नाही, त्याच्या शेजाऱ्याच्या दारात चार आहेत. मागितला तर कोणीही देईल, पण विचारील, "कित्याक रे?" म्हणजे हा नारळ अशा माणसाने आणला होता ज्याला कोणी "कशाला" असं विचारायला नको होतं, किंवा ज्याचं घर सरकारी क्वार्टरमध्ये होतं.

बाजारात बस स्टँडजवळ पूजासाहित्य आणि किराणा ठेवणारे एक वयस्कर मुसलमान दुकानदार होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. गणपतीत निम्मं गाव त्यांच्याकडूनच कापूर-अगरबत्ती नेई. मी साध्या कपड्यांत गेलो, कट्ट्यावर बसलो.

"चाचा, आज दुपारी नारळ-विडा कोणी नेला?"

"दुपारी? दुपारी गिऱ्हाईक खंय असता? तुमचे ते बोटीवाले पर्यवेक्षक इले होते." चाचांनी चष्मा पुसला. "एरवी तो माणूस बोलूक लागलो की दुकान बंद करूक लागता. आज तोंडातून शब्द नाय. मी इचारलंय, घरात बरा आसा मां? मान हलवून गेलो."

पर्यवेक्षक, म्हणजे त्या खात्याचा स्थानिक अधिकारी. बोटीची देखभाल त्याच्याकडे. तरुण, शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला. याच किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या घरातला, पण ऑफिसात त्याच्या तोंडून कधी मालवणी ऐकू आली नव्हती. मला तर दुपारी जेटीवर त्यानेच फिर्याद दिली होती! शुद्ध मराठीत, "अज्ञात इसमाने" वगैरे लिहून.

तो शाळेच्या सभागृहात भेटला. आयोगासाठी खुर्च्या लावून घेत होता. मी त्याला व्हरांड्यात बोलावलं. दमदाटी केली नाही. माझ्या अनुभवात अपराधी माणसाला मोठा प्रश्न विचारला की तो तयारीचं उत्तर देतो, आणि लहान प्रश्न विचारला की अडखळतो.

"नारळ फोडला का नाही हो?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि बोलला तो ऑफिसातली भाषा विसरून. "फोडून कसा चलात, सायब? फोडतत ता शुभाक. मी नुसतो ठेवलंय. म्हटलंय, बाये, माका माफ कर."

मग तो पायरीवर बसला आणि सगळं बाहेर आलं. बोटीचा तळ सडला होता. दुरुस्तीचं त्याने वरिष्ठांना वारंवार सांगितलं. आयोग येणार असं ठरल्यावर वरिष्ठ म्हणाले, आता बोट बंद ठेवली तर आयोग म्हणेल सरकारला साधी बोट सांभाळता येत नाही, मग ती कंपनीच्या घशात जाईल. रंग लावा, एक दिवस चालवून दाखवा, पुढचं पुढे बघू. त्या सफरीत आयोगाबरोबर गावातल्या बायका आणि शाळेतली गाणं म्हणणारी पोरं बसणार होती, आणि बोट खाडीच्या मुखापर्यंत जाणार होती. तिथे समुद्राच्या लाटा आत येतात. पर्यवेक्षकाने सफर रद्द करायची विनंती केली, तर उत्तर आलं, "तुम्हाला जमत नसेल तर बदलीवर जा. दुसरा माणूस बोट काढील." तांडेलाला सांगितलं, तर तो हसला, "तू भियू नको रे. मी नेतंय."

"म्हणून दुपारी माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने शेड उघडली, इंजिन काढून आत ठेवलं, आणि मग..." तो थांबला. "जेटीला बांधलेलीच बुडाली तर कोणाचं काही जाणार नाही असं वाटलं, साहेब. जुनी होती, बुडाली, असं म्हणतील वाटलं. तांडेलाला धरतील हे डोक्यातच आलं नाही."

"मग धरल्याचं कळल्यावर का नाही आलास?"

"उद्या सुनावणीत मी उभा राहून बोट सडकी होती म्हणालो, तर गावाची बाजू गेली. खातं माझं, गाव माझं. दोघांच्याही पोटावर पाय येणार. सुनावणी संपली की येणार होतो."

"आणि तोवर तो कोठडीत?"

तो खाली मान घालून रडायला लागला.

इथे माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. चाचांनी नारळ विकला याने कोणाला शिक्षा होत नाही. आणि तांडेलाच्या सुतकाचा पुरावा म्हणून कोर्टात काय सांगणार? पर्यवेक्षक उद्या फिरला असता तर बिचारा तांडेल नोकरीला मुकला असता आणि गजाआडही गेला असता. मी पर्यवेक्षकाला त्याच वेळी ताब्यात घेऊ शकत होतो. घेतलं नाही. त्याच्या क्वार्टरबाहेर साध्या वेषातला एक माणूस ठेवला आणि सांगितलं, "उद्या काय करायचं ते तू ठरव. मी ओहोटीला बोटीचा तळ बघणार आहे." खरं तर मला तो माणूस आवडला होता, आणि त्याने स्वतःहून बोलावं अशी माझी फार इच्छा होती.

सकाळी ओहोटीला बोट उघडी पडली. पंचांसमोर मी तळाला हात लावला. ताज्या निळ्या रंगाखाली अंगठा दाबला तर तो लाकडात आत गेला, शिळ्या भाकरीत जावा तसा. उचकटलेली फळी सोडा, शेजारच्या तीन फळ्याही तशाच. भोकाच्या काठाशी एका फटीत कोणीतरी चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्या तांडेलाच्या लुंगीच्या, पंचांनीच ओळखल्या. आता त्याचे ओले कपडे आणि कापलेले हात कळले. बोट बुडताना बघून त्याने पाण्यात उडी टाकली होती आणि भोक बुजवायला धडपडला होता. मदतीला हाक मारून उपयोग नव्हता, गाव झोपलेलं. आणि हे सगळं त्याने मला का सांगितलं नाही, तेही कळलं. सांगितलं असतं तर तळ सडलेला होता हे सांगावं लागलं असतं.

सुनावणीआधी कोणीतरी आयोगाच्या अध्यक्षांना सुचवलं होतं की, इथले लोक हिंसक आहेत, कार्यक्रम रद्द करावा. अध्यक्षा म्हणजे एक निवृत्त सनदी अधिकारी बाई, सुती साडी, पायात साध्या चपला. त्या म्हणाल्या, "बोट बुडाली, तर तिच्याविषयी बोलायला मला आता आणखी कारण आहे." ज्या माणसावर संशय आहे त्यालाही आणा, बोट तोच चालवत होता ना, असंही त्यांनी मला कळवलं. आयोगांबद्दलचं माझं मत तिथून बदलायला लागलं.

सभागृह गच्च भरलेलं. मागच्या बाकावर तांडेल हवालदारांशेजारी. खात्याचे वरिष्ठ पुढच्या खुर्चीत. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बुडण्याआधी बोट कशा अवस्थेत होती?"

वरिष्ठ उठले. "उत्तम, मॅडम. नुकताच रंगही दिला होता."

"गावकऱ्यांचं काय म्हणणं?"

"येकदम बरी होती!" सभागृह एका सुरात गरजलं. बायकासुद्धा. गाव आणि खातं आयुष्यात कधी एका बाजूला आले नव्हते, ते त्या दिवशी आले. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच. मी भिंतीला टेकून पर्यवेक्षकाकडे बघत होतो. अध्यक्षा पुढच्या मुद्द्याकडे वळल्या, आणि मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात तो उभा राहिला. "मॅडम, बोट सडली होती. ती मी बुडवली."

त्यानंतर जो कल्ला झाला तो विचारू नका. "आमचो घात केलंस रे!" म्हणून मागून कोणी ओरडलं. एक चप्पलही आली. वरिष्ठ हात वर करून काहीतरी सांगायला लागले. अध्यक्षांनी आवाज चढवला नाही. टेबलावर हात ठेवून त्या गप्प बसून राहिल्या, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याने सभागृह हळूहळू शांत झालं. मग त्यांनी त्याला सगळं सांगू दिलं. मध्ये कोणी बोललं तर त्या फक्त त्या माणसाकडे बघायच्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे आज सांगून तुम्हाला काय मिळणार आहे?"

"काही नाही, मॅडम. तांडेल घरी जाईल."

तेव्हा मागच्या बाकावरून तांडेल उठला. हवालदारांनी त्याला धरलं नाही. तो मधल्या वाटेने पुढे आला, आणि मला वाटलं हा आता त्याची कॉलर धरणार. पण तो अध्यक्षांसमोर उभा राहिला. "बाई, बोट कुसली हा, ता माका म्हायत होता. मी कोणाक सांगूक नाय. बोट जायत, ह्या भियान. म्हटलंय, इतकी वर्सां नेलंय, आणि एक दिस नेयन." मग त्याने पर्यवेक्षकाकडे हात केला. "ह्यो नसतो तर आज माज्या हातान पोरां मेली असती."

ज्या बायका मघाशी ओरडत होत्या त्यांचीच पोरं त्या बोटीत बसणार होती. पुढच्या रांगेतल्या एकीने पदर तोंडाला लावला. मी वर्दीत होतो, नाहीतर मलाही आवरलं नसतं.

सुनावणी तिथे थांबवून अध्यक्षा जेटीवर आल्या. साडी वर खोचून गाळात उतरल्या आणि स्वतः तळाला अंगठा दाबून बघितलं. कंपनीचा प्रतिनिधी मागे उभा राहून म्हणाला, "मॅडम, म्हणूनच आम्ही म्हणतो, आमच्याकडे द्या." त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही रंगच लावला असता. फक्त जास्त चांगला." गावकरी हसले, आणि खात्याचे वरिष्ठ मात्र हसले नाहीत.

त्यांनी अहवालात जे लिहिलं ते मला पुढे वाचायला मिळालं. कोणतीही सरकारी मालमत्ता ठेवायची की भागीदारीत द्यायची हे ठरवण्याआधी तिची तपासणी ती वापरणाऱ्या लोकांसमोर उघड्यावर झाली पाहिजे, आणि ती तपासणी ना खात्याने करावी ना कंपनीने. सरकारने त्याचं काय केलं ते सरकार जाणे. आमच्या खाडीवर मात्र नवी बोट आली. बोट सरकारची, आणि चालवायला गावाची सहकारी संस्था. तांडेल तोच.

पर्यवेक्षक निलंबित झाला. गुन्ह्याच्या तपासात मी कायद्यातल्या त्या तरतुदीचा आधार घेतला, ज्यात मोठी हानी टाळण्यासाठी सद्हेतूने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि तसा अंतिम अहवाल पाठवला. कोर्टाने तो मान्य केला. पर्यवेक्षक पुन्हा नोकरीवर घेतला गेला, दूर बदली होऊन. वरिष्ठांना ताकीद मिळाली म्हणतात. ती कितपत लागली, मला माहीत नाही.

एक प्रसंग मात्र राहिला, आणि तो मला सांगायचाच आहे. सुनावणीनंतर पर्यवेक्षक स्वतःच्या स्कूटरवरून ठाण्यात आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "कुठे बसू?" कायद्याप्रमाणे मला त्याला अटक दाखवावीच लागली. तांडेलाला सोडलं. दुपारी पर्यवेक्षकाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं तेव्हा जामिनाचा प्रश्न आला. त्याच्या खात्यातलं कोणी फिरकलं नव्हतं. गावातले लोक अजून घुश्शात होते. वकिलाने इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यात दारातून तांडेल आत आला, तेच दाढीचे खुंट, काखेत जमिनीचा सातबारा. आदल्या संध्याकाळी याच माणसापायी तो माझ्यासमोर आरोपी म्हणून बसला होता.

न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "जामीनदार, तुमचं आरोपीशी नातं काय?"

तांडेल गोंधळला. पर्यवेक्षकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सरळ म्हणाला, "नाता? ह्येना माजी बोट बुडयली, सायब."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि जामिनावर सही केली. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत असं नातं पुन्हा ऐकायला मिळालं नाही. तपास करताना आम्ही हेतू शोधतो, आणि तो वाईटच असणार असं धरून चालतो. चांगला हेतूही शोधावा लागतो, आणि माणसं तो वाईटापेक्षा जास्त लपवतात, हे मला त्या दोघांनी शिकवलं. पुढे प्रत्येक चौकशीत मी तो शोधत राहिलो. बहुतेक वेळा सापडला नाही, पण शोधायचं कधी सोडलं नाही.